चौथा चौकोन

१

मैदानावर कोणी पाऊल ठेवलेलं नव्हतं, आणि तरी चौथ्या चौकोनात कोणीतरी बसून गेलं होतं.

चंद्रा फाटकातून आत शिरली तेव्हा सात वाजत आले होते. धुकं अजून हटलं नव्हतं. नाताळची सुट्टी यंदा शुक्रवारी आली होती, आणि शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात. एरवी ज्या खडखडाटात इथली माणसं जेवतात, झोपतात, भांडतात, तो थांबला की कानाला चुकल्याचुकल्यासारखं होतं. त्या शांततेत माजी विद्यार्थी संघाची पंचवीसेक माणसं खो-खोच्या मैदानाच्या कडेला उभी होती. एरवी या मंडळींना गप्प करायला माइकवरून ओरडावं लागतं. आज ती आपणहून गप्प होती.

चंद्रा एसटीत वाहक. रोज भिवंडी ते गणेशपुरी, दोन फेऱ्या. गावाकडे, वडप्याच्या आत, घरी भातशेती आणि दोन म्हशी. पण खो-खोच्या मैदानावर ती राज्य पातळीची पंच होती, आणि शिट्टी तोंडात धरली की आमदाराचंही ऐकायची नाही. दरवर्षी या दिवशी तिची जुनी बॅच शाळेच्या आत्ताच्या मुलांशी सामना खेळायची आणि पंच म्हणून चंद्रा उभी राहायची. आजचा सामना दहा वाजता होता.

गर्दीतून पस्तिशीतली पूर्वी पुढे आली आणि तिने चंद्राचा हात धरला.

"चंद्राताई, बघा ना. तुम्हीच बघा."

मैदान काल संध्याकाळी पाणी मारून, रोलर फिरवून तयार केलं होतं. माती ओली, सपाट, तळहातासारखी साफ. दोन खुंटांच्या मध्ये फूटभर रुंदीची लांब पट्टी, आणि त्या पट्टीवर बसणाऱ्या गड्यांचे आठ चौकोन. चौथ्या चौकोनात दोन पायांच्या चवड्यांचे खोल खड्डे उमटले होते, अनवाणी पायांचे. त्यांच्यापुढे दहा बोटांची दहा टोकं. खो मिळायची वाट बघत गडी टाचा उचलून, हात टेकून बसतो ना, अगदी तसे. खड्ड्यांत खालून पाणी पाझरून आलं होतं. पण त्या चौकोनाकडे येणारं किंवा तिथून जाणारं एकही पाऊल आसपासच्या मातीत नव्हतं.

शाळेचं कुत्रं कडेला बसून त्या जागेकडे बघत होतं. कोणी हाक मारली तरी हलत नव्हतं.

गेली अठ्ठावीस वर्षं या बॅचचा संघ चौथा चौकोन रिकामा ठेवून खेळतो. ती आल्हादची जागा. दहावीत असताना जिल्ह्याची फायनल याच मैदानावर झाली होती. शेवटच्या मिनिटाला आल्हाद चौथ्या चौकोनात उलट्या तोंडाने बसला, पंचाने फाऊल दिला, बाद झालेला गडी पुन्हा नाबाद ठरला आणि एका गुणाने फायनल गेली. त्याच संध्याकाळी आल्हाद घरातून बाहेर पडला. चार दिवसांनी त्याच्या चपला गणेशपुरीकडे तानसा नदीच्या काठी सापडल्या. तो सापडला नाही. तिथल्या पुलावरून चंद्राची बस रोज चार वेळा जाते, आणि रोज चार वेळा ती खाली न बघता तिकिटं मोजते.

चंद्राने खाली वाकून पुन्हा पाहिलं. चौथ्या चौकोनातल्या गड्याने रस्त्याकडे तोंड करायचं असतं. ही बोटं उलट बाजूला, लिंबाच्या झाडाकडे होती.

मागून एक बारीक, स्वच्छ आवाज आला. मैदानाच्या कडेच्या फरशीवर खुर्ची टाकून माई बसल्या होत्या. आल्हादची आई. वय बहात्तर, अंगावर इस्त्रीचं पातळ, हात मांडीवर जुळवलेले.

"तो येऊन गेला," माई म्हणाल्या. "उलटाच बसलाय बघ. त्या दिवशीसारखा."

२

पूर्वीने चंद्राला लिंबाखाली नेलं. आल्हाद गेला तेव्हा ही त्याची धाकटी बहीण सात वर्षांची होती. आता नाशिकला बँकेत नोकरी करते. रडायची सवय नसलेली बाई रडू दाबते तेव्हा जशी घाईघाईत बोलते तशी ती बोलत होती.

"आई ब्राह्मण आळीत एकटी राहते. यंदा दोनदा न्हाणीघरात पडली. दुसऱ्या वेळी रात्रभर तिथेच पडून होती, सकाळी दूधवाल्याने ऐकलं. डॉक्टर म्हणतात, तिसऱ्यांदा पडली तर उठायची नाही. किती वर्षं सांगतेय नाशिकला चल. नाही म्हणजे नाही. आल्हाद आला तर कुठे शोधेल मला, म्हणते."

"आणि आता तयार झाल्या होत्या ना?"

"गेल्या महिन्यात. मला वाटलं, सुटलो. तिची एकच अट होती. यंदाच्या सामन्यात त्या चौकोनात कोणीतरी बसू दे. मी डोळ्यांनी बघते आणि तशीच गाडीत बसते." पूर्वीने फाटकाबाहेर बोट दाखवलं. "गाडी उभी आहे. तिची ट्रंकसुद्धा डिकीत आहे. आणि आता म्हणते, ट्रंक काढ. तो आला होता, मी कशी जाऊ?"

माईंनी चंद्राला आठवीत गणित शिकवलं होतं. वडप्याच्या पोरीला गणित येत नाही असं सगळे धरून चालायचे, तेव्हा माई तिला मधल्या सुट्टीत थांबवून घ्यायच्या. त्या बाईला न्हाणीघरात रात्रभर पडलेली डोळ्यांपुढे आणणं तिला झेपेना.

"भुताखेतावर तुझा विश्वास हाय का?" तिने विचारलं.

"नाही."

"माझा हाय," चंद्रा म्हणाली. "आमच्या गावात सगळ्यांचाच हाय. पण भुताला मैदान ओलं हाय का सुकं, याची फिकीर नसते. त्याने खड्डे कशाला पाडले असते?"

घड्याळात साडेसात झाले होते. सामन्याला अडीच तास होते, आणि तोवर माईंना पटेल असं काहीतरी हाती लागायला हवं होतं.

मैदानाची राखण नवशाकडे. साठीचा, सुकलेला गडी. तो फाटकाशेजारच्या खोलीच्या पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

"काल सांजेला पानी मारलं, रोलर फिरवला, चुन्याच्या फक्कीनं रेघा मारल्या," तो म्हणाला. "फाटकाला कुलूप लावलं. भितीवर काचा हायत, कोन चढंल? सकाळी सहाला उघडलं तवा मैदान साफ व्हतं. बॅटरी मारून बघितलं हाय माझ्या डोल्यांनी. मग तनया म्याडम आल्या, भूपेशशेठ आलं, डाक्टर आलं. तिघंच. पावनेसातला म्याडमनी हाक मारली, तवा ह्ये."

"तिघांपैकी कोण कुठे होतं?"

"मग धुकं दाटलं, मला माझं पाय दिसत न्हवतं, ताई." नवशाने आवाज उतरवला. "एक सांगू? कुत्रं भुंकत व्हतं. मग एकदम गप झालं. वलखीचं मानूस आल्यावर कसं गप व्हतंय, तसं."

३

तनया शाळेची खेळाची शिक्षिका. वय तिशीचं, चालणं तरातरा, बोलणं त्याहून तरातरा. शाळेच्या आजच्या संघाची तयारी तिचीच. ती मुलांना फरशीवर वॉर्म-अप देत होती आणि मुलं मैदानाकडे चोरून बघत होती.

"मी आले तेव्हा सहा-पाच झाले होते. तेव्हापासून जिमखान्याच्या खोलीत नंबरांच्या बनियनी लावत होते. पावणेसातला बाहेर आले तर हे," ती म्हणाली. "खरं सांगू का ताई, मला हा रिकामा चौकोन कधीच पटला नाही. मुलं घाबरतात. सरावालासुद्धा चौथ्यात कोणी बसायला बघत नाही. आज कोणीतरी बसणार म्हणून मी खूश होते. मी कशाला हे करू?"

"उलटं बसलंय ते."

"तेच ना. माझ्या मुलांपैकी कोणी असं बसणार नाही. मी त्यांना दिशा पाठ करून घेतली आहे. एक, तीन, पाच, सात लिंबाकडे. दोन, चार, सहा, आठ रस्त्याकडे. झोपेतून उठवून विचारा. तुमच्या वेळी तात्या सरांची पद्धत वेगळी होती म्हणे."

होती खरी. त्या वेळचे खेळाचे शिक्षक तात्या सर वारले त्याला सहा वर्षं झाली, पण चंद्राच्या कानात तो घोगरा आवाज तसाच होता. दिशा आठवत बसू नका रे. खो दिला की बसा, शेजाऱ्याकडे बघा, त्याच्या उलट तोंड करा. तालुक्यात दुसरं कोणी असं शिकवत नव्हतं. बाकीच्या शाळांची मुलं बसताना क्षणभर अडखळायची, यांची मुलं अडखळायची नाहीत. त्याच जोरावर ती फायनलपर्यंत पोचली होती.

भूपेश माजी विद्यार्थी संघाचा अध्यक्ष. काल्हेरला त्याची चार गोदामं आहेत आणि बोलताना ती चारही मध्येमध्ये येतात. तो मंडपात एक पाय समोरच्या खुर्चीवर पसरून बसला होता. पायाला मांडीपासून पोटरीपर्यंत पट्टा.

"गुडघा बदललाय यार, दोन महिने झाले. खाली बसता येत नाही, संडासाचीसुद्धा पंचाईत," तो म्हणाला. "मी सव्वासहाला आलो, ड्रायव्हरने खुर्चीत बसवलं, तेव्हापासून इथेच. बॅनरवाल्याशी फोनवर भांडत होतो. धुक्यात काय दिसतंय?"

"काही ऐकू आलं?"

भूपेश हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "तू हसशील. कोणीतरी हळू आवाजात बोलत होतं. मैदानाच्या बाजूने. एकच माणूस, थांबून थांबून. समोर कोणी असल्यासारखं. मला वाटलं नवशा. पण नवशा तर फाटकाशी होता." त्याने कपाळ पुसलं. "फायनलला मी राखीव गडी होतो चंद्रा, बाकावर. मैदानात उतरलोच नाही. तरी त्या दिवसाचं स्वप्न मला अजून पडतं."

सुश्रुत प्रथमोपचाराच्या टेबलावर पट्ट्या आणि बाटल्या ओळीत मांडत होता. डॉक्टर. त्या वेळचा कप्तान. वर्गात आल्हादचा बाकावरचा जोडीदार. केस पांढरे झाले तरी अंग सडपातळ, अजून पळू शकेल असं. गेली अठ्ठावीस वर्षं दर रविवारी तो माईंकडे जातो, आधी कॉलेजचा पोरगा म्हणून भाजी आणायला, मग डॉक्टर म्हणून रक्तदाब बघायला. भिवंडीत त्याचं उदाहरण देतात. आईबापांना न विचारणारी मुलं त्याच्याकडे बघून खाली मान घालतात.

"माईंना आज हलवू नये," तो म्हणाला. "धक्का बसलाय. नाशिकचं राहू दे. मी आहे ना इथे. आजवर सांभाळलंच की."

"सकाळी कुठे होतास?"

"इथेच. टेबल लावत होतो."

"पाऊण तास?"

त्याने एक बाटली उचलली आणि पुन्हा त्याच जागी ठेवली. "चंद्रा, काही गोष्टी उकरू नयेत. त्यांना वाटतंय तो येऊन गेला. वाटू दे. त्यात कोणाचं काय जातं?"

चंद्रा परत मैदानाच्या कडेला आली. धुकं आता विरळ झालं होतं आणि खड्ड्यांतलं पाणी चमकत होतं. सकाळपासून सगळे मातीकडे बघत होते. तीही मातीकडेच बघत होती. पण पंचाचं लक्ष कधी ना कधी रेघांकडे जातंच, आणि तसं ते गेलं.

पलीकडच्या खुंटापासून चौथ्या चौकोनापर्यंत मधल्या पट्टीला नियमाप्रमाणे दोन बाजूंना दोन बारीक रेघा होत्या, मध्ये माती. अलीकडच्या खुंटापासून चौथ्या चौकोनापर्यंत मात्र पट्टी सगळीच्या सगळी पांढरी होती. फक्कीने भरून काढलेली.

"नवशा," तिने हाक मारली. "काल मधली पट्टी भरलीस का तू?"

"मी कशाला भरू? दोन रेघा वढल्या. पट्टी कवा कोनी भरतंय?"

४

शाळेत फक्की मारायचं अजून यंत्र नाही. भोकं पाडलेला पत्र्याचा डबा, त्यात चुन्याची भुकटी, आणि डबा हलवत उलटं, मागे मागे चालत जायचं, म्हणजे आपला पाय आपल्याच रेघेवर पडत नाही. तात्या सरांच्या हाताखालच्या प्रत्येकाला हे काम करावं लागलेलं आहे.

चंद्राच्या डोळ्यांपुढे ते धुक्यात चाललेलं काम उभं राहिलं. कोणीतरी डबा घेऊन फरशीवरून अलीकडच्या खुंटाशी येतं. चपला काढतं. पट्टीवरून चालत चौथ्या चौकोनाशी जातं आणि तिथे बसतं. मग उठून मागे मागे येतं, समोर आपली जी पावलं उमटलीत त्यांच्यावर फक्की टाकत. खुंटाशी पोचलं की मागे लगेच फरशी. ओल्या मातीत पावलं शोधणाऱ्यांना पावलं मिळणारच नव्हती. ती पांढऱ्याखाली होती.

तिने मैदानात पाय ठेवला तसा कडेच्या माणसांत एक हुंकार उमटला. कोणीतरी "नको" म्हणालं. ती खुंटाशी उकिडवी बसली आणि रुमालाने फक्की हळूहळू झाडू लागली. वरची कोरडी भुकटी उडाली आणि खाली एक अनवाणी पाऊल निघालं. मोठ्या माणसाचं, अखंड, टाचेसकट.

भुताचा प्रश्न तिथेच मिटला. तिला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. ज्याने हे केलं तो आत्ता तिच्या पाठीमागे उभा राहून बघत होता.

ती झाडत पुढे गेली. पहिल्या चौकोनात चालल्याची पावलं, दुसऱ्यात चालल्याची पावलं. तिसऱ्या चौकोनाशी आली आणि तिचा रुमाल थांबला.

तिसऱ्या चौकोनातही कोणीतरी बसलं होतं. दोन चवड्यांचे खड्डे, दहा बोटं, सगळं फक्कीने बुजवलेलं. तिसऱ्याने लिंबाकडे तोंड करायचं असतं. ही बोटं रस्त्याकडे होती.

चंद्रा तिथेच बसून राहिली. हळूहळू तिला कळू लागलं की आज सकाळी कोण बसलं, एवढाच हा प्रश्न नव्हता. अठ्ठावीस वर्षांपूर्वी कोण कसं बसलं होतं, ते तिच्यासमोर मातीत लिहून ठेवलं होतं.

५

तिने सुश्रुतला लिंबाच्या मागे बोलावलं. साडेनऊ झाले होते. मंडपात कोणीतरी माइक तपासत होतं.

"ज्याला नुसती माईंना भूल घालायची होती, त्याने चौथ्यात बसून काम भागवलं असतं," चंद्रा म्हणाली. "तिसऱ्यात बसायची त्याला गरज न्हवती. आणि बसला तर बसला, ते बुजवायचं कशाला, आणि चौथ्यातलं उघडं ठेवायचं कशाला?"

सुश्रुतने मंडपाकडे पाहिलं. चंद्रा थांबली नाही.

"तात्यांनी आपल्याला काय शिकवलं? दिशा आठवू नका, शेजाऱ्याकडे बघा. त्या दिवशी शेवटच्या मिनिटाला कोणीतरी घाईत खो दिला आणि तिसऱ्यात उलटा बसला. लगेच आल्हादने चौथ्याला खो दिला, बसला, शेजारी बघितलं आणि शिकवल्याप्रमाणे त्याच्या उलट तोंड केलं. तो चुकला न्हाई. पंचाने चौथ्याकडे बघितलं, शिट्टी मारली. तेवढ्यात तिसऱ्यातला गुपचूप वळून नीट बसला."

"हे कोणी..."

"हे कोणालाच ठाऊक न्हवतं. नाहीतर इतक्या वर्षांत कोणीतरी बोललं असतं. ठाऊक होतं फक्त तिसऱ्यातल्याला. सकाळी फाटकाच्या आत चौघं होते. नवशा तेव्हा इथं कामाला न्हवता. तनया दोन वर्षांची होती. भूपेश बाकावर होता, आणि आज त्याला गुडघा वाकवता येत न्हाई. राहिलास तू. मी बावीस वर्षं या सामन्याला पंच हाय, सुश्रुत. तू दर वर्षी सुरुवातीला आठव्यात बसतोस. तिसरा मिळाला तर बदलून घेतोस. मला वाटायचं, शेजारची रिकामी जागा बघवत नसेल."

सुश्रुतने लिंबाच्या खोडाला हात टेकला. तो बोलला तेव्हा आवाज कोरडा होता.

"आज आधी तिसऱ्यात बसलो. त्याच्याशी बोललो थोडं. दर वर्षी मला वाटतं, कदाचित मी बरोबर बसलो असेन, आठवण चुकत असेल. म्हणून डोळे मिटले, खुंटापासून धावत आल्यासारखा आलो आणि बसलो. डोळे उघडले तर समोर रस्ता. पाय आपोआप तसेच वळले." त्याने श्वास घेतला. "सोळा वर्षांचा होतो. कप्तान होतो. वाटलं, उद्या सांगू. उद्या तो नव्हता."

"आणि माई?"

"त्या वाट बघतात तोवर तो गेलेला नाही. त्या नाशिकला गेल्या की तो गेला, आणि तो गेला की मी घालवला. दर रविवारी मला त्यांच्याकडे जाता येतं म्हणून सोमवार उजाडतो माझा. तो कोणी काढून घेऊ नये एवढंच बघितलं मी."

चंद्राला त्याची दया आली आणि त्याच क्षणी संतापही आला. न्हाणीघराच्या थंड फरशीवर एक रात्र पडलेली म्हातारी तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

"तुझ्या सोमवारासाठी त्यांना इथं बांधून ठेवतोस तू," ती म्हणाली. "तू सांगतोस की मी सांगू?"

त्याने स्वतः सांगितलं. माईंच्या खुर्चीसमोर फरशीवर मांडी घालून बसला आणि एकही शब्द न गाळता सांगितलं. पूर्वी मागे उभी होती. मैदानाच्या कडेची माणसं जवळ सरकली होती. माई सगळा वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या, वर्गात चुकलेलं गणित फळ्यावर शेवटपर्यंत सोडवू द्यायच्या तशा.

सुश्रुतचं सांगून झालं.

"त्या संध्याकाळी तो घरी आला," माई म्हणाल्या. त्या बोलत होत्या पूर्वीशी, पण नजर कुठेच नव्हती. "हातपाय धुतले नाहीत. म्हणाला, आई, मी बरोबर बसलो होतो. तीनदा म्हणाला. आणि मी त्याला म्हटलं, चूक झाली तर झाली, वर खोटं बोलू नकोस. त्याने चपला घातल्या."

"आई, हे तू कधी..."

"कोणाला सांगणार? तुम्हाला वाटायचं मी तो येईल म्हणून बसलेय. तो येणार नाही हे मला चपला मिळाल्या तेव्हाच कळलं होतं. मला त्याला विचारायचं होतं, खरं काय ते. सकाळी ते खड्डे बघितले आणि वाटलं, पुन्हा सांगायला आला. तेच सांगतोय, आणि मला अजून वाचता येत नाही."

सुश्रुत पुढे वाकला. त्याचं कपाळ जवळजवळ त्यांच्या पायांना लागलं होतं. माईंनी पाय मागे घेतले. रागाने नव्हे, जपून.

"चंद्रा, तू पंच आहेस," त्या म्हणाल्या. "तेव्हा दिलेला फाऊल आता रद्द होतो का?"

हो म्हणणं किती सोपं होतं. पण या बाईला खोटं सांगायचं चंद्राच्याने होईना.

"न्हाय, माई. पंचाने सही केली की निकाल बदलत न्हाय."

"बरं," माई म्हणाल्या. "तुमचा तसाच राहू दे. माझा मी बदलला."

त्या उठू लागल्या. इतक्या वर्षांच्या सवयीने सुश्रुतचा हात पुढे आला. माईंनी त्या हाताकडे पाहिलं, त्याला तो मागे घ्यायला पुरेसा वेळ दिला आणि मग चंद्राचा दंड धरला. त्यांचं वजन काहीच नव्हतं.

फाटकाकडे जाताना मागे तनयाने संघ उभे केले. चौथ्या चौकोनात कोण बसलं हे बघायला माईंनी मान वळवली नाही. गाडीचं दार पूर्वीने उघडलं, मागे उशी सारखी केली, पायांशी पाण्याची बाटली ठेवली.

"घराला कुलूप लावलंस का गं?" माईंनी विचारलं.

"नाही आई. तू लावू देत नाहीस ना कधी."

"किल्ली कुठे आहे?"

"माझ्या पर्समध्ये."

"दे इकडे," माई म्हणाल्या. "आळीत गाडी थांबव. मी लावते."